बंदर वादळाच्या डावीकडे की उजवीकडे?

'बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे' अशी बातमी पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा दिवाळीच्या मागेपुढे तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. हा बावटा म्हणजे कापडी निशाण नव्हे. बंदरावरच्या उंच काठीवर दिवसा शंकू आणि दंडगोल ठरावीक क्रमाने टांगतात आणि रात्री तांबडे व पांढरे दिवे लावतात. पण किनाऱ्यावर सारेजण त्याला बावटाच म्हणतात, तेव्हा आपणही तसेच म्हणू.

आपल्या देशातील मोठ्या बंदरांसाठी असे एकूण ११ इशारे ठरलेले आहेत. १ आणि २ नंबरचे इशारे दूरच्या समुद्रासाठी असतात : दूरवर हवा बिघडली आहे किंवा वादळ तयार झाले आहे, निघणाऱ्या जहाजांनी सावध असावे. ३ आणि ४ नंबर खुद्द बंदराला सावध करतात. ५, ६ आणि ७ हे धोक्याचे इशारे आहेत. ८, ९ आणि १० हे महाधोक्याचे. शेवटचा ११ नंबरचा इशारा मोठा चमत्कारिक आहे. त्याचा अर्थ एवढाच, की इशारा देणाऱ्या केंद्राशी बंदराचा संपर्कच तुटला आहे आणि हवामान अतिशय वाईट होण्याचा संभव आहे!

आता ५, ६ आणि ७ या तीन इशाऱ्यांकडे नीट पाहा. ५ पेक्षा ६ चे वादळ अधिक जोराचे आणि ६ पेक्षा ७ चे त्याहून जोराचे, असा आपला सर्वांचा समज असतो. परीक्षेतल्या गुणांची आपल्याला सवय झालेली असते ना! प्रत्यक्षात तसे नाही. तिन्ही इशारे एकाच जोराच्या वादळाचे असू शकतात. बंदर वादळाच्या मार्गाच्या डावीकडे राहणार असेल तर ५, उजवीकडे राहणार असेल तर ६, आणि वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर ७. महाधोक्याच्या ८, ९ आणि १० या इशाऱ्यांतही हाच क्रम आहे.

डावीकडे आणि उजवीकडे यांत एवढे काय आहे, की त्यासाठी वेगळे बावटे ठेवावेत? आणि वादळ अजून शेकडो किलोमीटर दूर असताना बंदर कोणत्या बाजूला येणार हे सांगायचे तरी कसे? चक्रीवादळाच्या अंदाजाची सारी अडचण या दोन प्रश्नांत साठवलेली आहे.

उलटी प्रदक्षिणा

समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. एखाद्या ठिकाणी समुद्रावरची हवा तापून, बाष्प घेऊन वर चढू लागली म्हणजे तेथील दाब भोवतालपेक्षा कमी होतो. नकाशावर सारख्या दाबाची ठिकाणे जोडून काढलेल्या रेषांना समभार रेषा म्हणतात. त्या अशा जागेभोवती बंद वर्तुळांसारख्या दिसू लागल्या म्हणजे 'कमी दाबाचे क्षेत्र' तयार झाले असे समजतात. (वर्तमानपत्रे सरसकट 'कमी दाबाचा पट्टा' म्हणतात. पट्टा लांबट असतो, क्षेत्र वाटोळे असते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.)

भोवतालची हवा कमी दाबाकडे धाव घेते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ही हवा सरळ केंद्राकडे न जाता आपल्या उजव्या हाताकडे वळते. येथे विद्यार्थी हमखास गोंधळतात : हवा उजवीकडे वळते, तर मग वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने कसे फिरते? शाळेच्या मैदानावर हे करून पाहा. पंधरा-वीस मुलांनी मोठे वर्तुळ करून मध्यभागी तोंड करावे. मध्ये एक मूल केंद्र म्हणून उभे राहील. इशारा होताच प्रत्येकाने केंद्राकडे निघावे, पण पावले थोडी उजवीकडे टाकावीत. थोड्याच वेळात प्रत्येकाच्या लक्षात येईल की केंद्रातील मूल आपल्या डाव्या हाताला येत आहे, आणि सारे वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत आहे. देवळात प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. वादळातला वारा उलटी प्रदक्षिणा घालतो. केंद्र त्याच्या डाव्या हाताला असते. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे सोपे आहे.

वारा ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेला की कमी दाबाच्या क्षेत्राला डिप्रेशन म्हणतात, ५० च्या वर खोल डिप्रेशन आणि ६२ च्या वर चक्रीवादळ. नाव देतात ते या पायरीवर. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, अशा आणखीही पायऱ्या आहेत. त्या पाठ करण्यात मात्र वेळ घालवू नका.

आता हे फिरणारे चक्र स्वतःही पुढे सरकत असते. समजा, वारा केंद्राभोवती ताशी १०० किलोमीटर वेगाने फिरत आहे आणि सबंध चक्र ताशी २० किलोमीटर वेगाने उत्तरेकडे चालले आहे. तुम्ही वादळावर स्वार होऊन उत्तरेकडे तोंड करून बसला आहात अशी कल्पना करा. तुमच्या उजवीकडे, म्हणजे पूर्वेच्या बाजूला, वारा उत्तरेकडेच वाहतो. तेथे दोन्ही वेगांची बेरीज होते. डावीकडे वारा दक्षिणेकडे वाहतो. तेथे वजाबाकी होते. एका बाजूला १२०, दुसऱ्या बाजूला ८०. प्रत्यक्षात हिशेब इतका चोख बसत नाही, पण उजवी बाजू अधिक जोरकस असते हे खरे.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते आणि ती वाऱ्याच्या वेगापेक्षा महत्त्वाची आहे. वादळ समुद्रातून जमिनीवर येत असेल, तर उजव्या बाजूला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी किनाऱ्यावर लोटतो. डाव्या बाजूला वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि पाणी मागे ढकलतो. वादळी लाट म्हणतात ती हीच. केंद्रातील कमी दाबामुळेही पाणी थोडे वर उचलले जाते. दाब १ मिलिबार उतरला की सुमारे १ सेंटिमीटर. म्हणजे दाब ३० मिलिबारने उतरला तरी पाणी जेमतेम फूटभर चढेल. बाकीची सारी चढ वाऱ्याची, आणि समुद्र उथळ असेल तितकी ती जास्त. आंध्र प्रदेशात १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये दिवी भागात सुमारे ५ मीटर उंचीचे पाणी आत शिरले आणि हजारो माणसे बुडाली, ती अशीच. मुंबईजवळ भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत कधीकधी ४ ते ५ मीटर फरक असतो. म्हणून वादळ कोठे येणार याइतकेच ते भरतीला येणार की ओहोटीला, हेही सांगावे लागते.

एक मुंबई, दोन वादळे

कोकणाने एका वर्षाच्या अंतराने पाहिलेली दोन वादळे या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

३१ मे २०२० रोजी लक्षद्वीपजवळच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. १ जूनला त्याचे डिप्रेशन झाले आणि २ जूनला दुपारी चक्रीवादळ. त्याला 'निसर्ग' हे नाव मिळाले. ते बांगलादेशाने सुचवले होते. आधी उत्तरेकडे सरकणारे हे वादळ मग ईशान्येकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे वळले. हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात ते किनारा ओलांडील, असा भारतीय हवामान विभागाचा अंदाज होता. पुढे त्यात अलिबागच्या आसपास असे नेमके सांगण्यात आले. ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला, मुरुडच्या आसपास, किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता.

मुंबईत मोठी तयारी झाली होती. विमानतळ काही तास बंद ठेवला होता. पण मुंबईला बसला तो थोडा पाऊस आणि बेताचा वारा. 'वादळ आलेच नाही, वेधशाळेने उगाच घाबरवले' असे बोलणारे त्या संध्याकाळी पुष्कळ भेटले. त्याच वेळी श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत घरांची छपरे उडाली होती, विजेचे खांब आडवे झाले होते आणि दोन-तीन पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त झाल्या होत्या. ज्यांना आंब्याचे आणि सुपारीचे झाड फळाला यायला किती वर्षे लागतात हे माहीत आहे, त्यांना या नुकसानीचा अर्थ सांगायला नको.

नकाशा काढा. वादळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जात आहे आणि मुरुडजवळ किनारा ओलांडीत आहे. मुंबई त्याच्या उत्तरेला, म्हणजे मार्गाच्या डावीकडे. श्रीवर्धन आणि दापोली दक्षिणेला, म्हणजे उजवीकडे. मुंबईत वारा जमिनीवरून आला, श्रीवर्धनला समुद्रावरून. अंदाज चुकला नव्हता. मुंबई ५ नंबरच्या बाजूला होती आणि श्रीवर्धन ६ नंबरच्या, इतकाच फरक!

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ आले. ते कितीतरी अधिक प्रचंड होते, पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ते चढलेच नाही. किनाऱ्याला जवळजवळ समांतर, उत्तरेकडे सरकत ते १७ मेच्या रात्री दीवजवळ सौराष्ट्रात शिरले. या वेळी मुंबई मार्गाच्या उजवीकडे होती. लाटा गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्यावरून आत येत होत्या, सांताक्रूझला चोवीस तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस पडला. मे महिन्यात एवढा पाऊस! भर समुद्रात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा तराफा बुडून अनेक कामगार मृत्युमुखी पडले. जे वादळ मुंबईजवळ जमिनीवर आले त्याने शहराला सोडले, आणि जे आलेच नाही त्याने झोडपले. डाव्या-उजव्याचा हिशेब मनात नसेल तर हे कोडे सुटत नाही.

इंधन आणि वाट

वादळाचे इंधन म्हणजे समुद्रावरचे बाष्प. पाण्याचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर बाष्पाचा पुरवठा भरपूर होतो. हे बाष्प वर जाऊन थंड होते, त्याचे ढग होतात आणि त्यातील अप्रकट उष्णता बाहेर पडते. किती? १०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात दिवसभरात १० सेंटिमीटर पाऊस पडला असे धरा. पाणी झाले सुमारे ३१४ कोटी टन. एक किलोग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. गुणाकार करा, उत्तर ८ वर १८ शून्ये याच्या जवळपास येईल. आपल्या देशात सबंध वर्षात तयार होणाऱ्या विजेहून ही ऊर्जा अधिक आहे. तिचा अगदी थोडा अंश वाऱ्याच्या रूपाने दिसतो आणि तेवढाही आपल्याला पुरून उरतो.

मग जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, अरबी समुद्रात चक्रीवादळे क्वचितच का होतात? त्या वेळी खालच्या थरात वारे पश्चिमेकडून आणि खूप उंचावर ते पूर्वेकडून वाहत असतात. वादळाचा उभा खांब असा वर-खाली उलट दिशांनी ओढला जातो आणि वाकून मोडतो. म्हणून आपली वादळे एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशा दोन हंगामांत येतात. अलीकडच्या चार दशकांत अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यातील चक्रीवादळांची संख्याही वाढली आहे. पूर्वी ती बंगालच्या उपसागराचीच बाब आहे असे आपण मानत असू. आता तसे म्हणता येत नाही.

वाटेचे म्हणाल तर वादळ स्वतःच्या मनाने फारसे चालत नाही. ओढ्यात भोवरा पडला म्हणजे तो फिरत राहतो आणि प्रवाहाबरोबर वाहतही जातो. वादळालाही काही किलोमीटर उंचीपर्यंतचे भोवतालचे वारे वाहून नेतात. हे वारे ठाऊक असले तर वाट ठाऊक झाली. पण कधी कधी वादळ दोन प्रवाहांच्या मधोमध सापडते. सह्याद्रीच्या कण्यावर पडलेला पावसाचा थेंब हातभर पश्चिमेला पडला तर अरबी समुद्राला मिळतो आणि हातभर पूर्वेला पडला तर बंगालच्या उपसागराला. तशीच वादळाची गत होते. थोडे इकडे सरकले तर ते ईशान्येला वळून आपल्याकडे येईल, थोडे तिकडे गेले तर जून २००७ च्या 'गोनू'सारखे थेट ओमान गाठील.

शिंगाच्या चकतीपासून महासंगणकापर्यंत

'सायक्लोन' हा शब्द आपल्याच देशात जन्मला हे तुम्हाला ठाऊक आहे काय? कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ होते. जहाजांच्या नोंदवह्या जमवून त्यांनी वादळांतले वारे वाटोळे फिरतात हे पडताळून पाहिले आणि सापाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक शब्दापासून, हे नाव बनवले. १८४८ साली त्यांनी खलाशांसाठी पुस्तक लिहिले. त्यासोबत शिंगाच्या पातळ पारदर्शक चकत्या असत आणि त्यांवर वाऱ्याच्या दिशा काढलेल्या असत. खलाशाने चकती नकाशावर ठेवावी, आपल्या जहाजावरचा वारा कोणत्या दिशेचा आहे ते जुळवावे आणि वादळाचे केंद्र कोठे आहे ते ओळखावे. मातला नदीवर नवे बंदर बांधू नका, वादळी लाट ते गिळील, असे त्यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून कळवले होते. बंदर बांधले गेले. १८६७ च्या वादळाने त्याची वाताहत केली. ते पाहायला पिडिंग्टन हयात नव्हते.

१८६४ च्या ऑक्टोबरमध्ये कलकत्त्याला भयंकर वादळ झाले. त्यानंतर १८६५ मध्ये तेथे बंदराला इशारा देण्याची पद्धत सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. तारायंत्र आले होते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या ठिकठिकाणच्या नोंदी एका जागी गोळा करता येऊ लागल्या. पण भर समुद्रात जहाज नसेल तर नोंद नाही, आणि वादळाची कुणकुण लागताच शहाणा कप्तान तेथून जहाज दूर नेणार! म्हणजे जेथे माहितीची सर्वांत जास्त गरज, तेथेच ती नाही. ही अडचण जवळजवळ शंभर वर्षे होती.

ती दूर केली उपग्रहांनी. आज इन्सॅट मालिकेतील उपग्रह दिवस-रात्र ढगांची चित्रे पाठवतात. ढगांची वेटोळी किती घट्ट आहेत, मध्ये डोळा दिसतो की नाही, यावरून वादळाचा जोर ठरवण्याची रीत अमेरिकेतील व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० नंतरच्या दशकात बसवली. ती १ ते ८ असा अंक देते. अडीचला चक्रीवादळ समजतात. किनाऱ्याजवळ आल्यावर डॉप्लर रडार ढगांतील पावसाच्या थेंबांचा वेगच मोजते. मात्र पृथ्वी वाटोळी आहे : २५० किलोमीटर अंतरावर रडारचा किरण समुद्राच्या वर साडेतीन किलोमीटरहून अधिक गेलेला असतो आणि त्याखालचे काही त्याला दिसत नाही. शिवाय समुद्रात नांगरलेले तरंगते बोये आहेत, आणि रोज पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या सुमारास जगभर एकाच वेळी सोडले जाणारे फुगे आहेत. ते उंचावरच्या वाऱ्यांची खबर आणतात.

एवढी माहिती आली, पुढे काय? हवेला न्यूटनचे नियम लागू आहेत, वायूंचे नियम लागू आहेत. आजची स्थिती समीकरणांत घातली की उद्याची मिळायला हवी. लुईस रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हाताने हा हिशेब करून पाहिला. उत्तर आले : युरोपात एका ठिकाणी सहा तासांत दाब १४५ मिलिबारने बदलेल! प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाही नव्हता. तरीही १९२२ साली त्यांनी तो फसलेला हिशेब जसाच्या तसा छापला आणि पद्धत बरोबर आहे असे सांगितले. मला हा विज्ञानातला फार मोठ्या धैर्याचा प्रसंग वाटतो. पद्धत खरोखरच बरोबर होती. आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील महासंगणक तेच काम करतात. २०२५ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत पृथ्वीवरच्या हवेचे सुमारे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब केला जातो.

पण आजची स्थिती आपल्याला कधीच पूर्ण अचूक ठाऊक नसते, आणि सह्याद्रीवरच्या थेंबाप्रमाणे हातभराच्या फरकाने शेवट बदलू शकतो. म्हणून संगणकावर एकच हिशेब न करता सुरुवातीची स्थिती किंचित बदलून अनेक हिशेब करतात. प्रत्येक हिशेबातून एक वाट निघते. साऱ्या वाटा जवळजवळ राहिल्या तर अंदाजकर्ता निर्धास्त होतो, पिसाऱ्यासारख्या पसरल्या तर सावध. वादळाच्या नकाशावर पुढे रुंद होत जाणारा जो शंकूसारखा पट्टा दाखवतात, तो या अनिश्चिततेचा, आणि पूर्वीच्या अंदाजांत किती चूक झाली त्या अनुभवाचा. तो वादळाचा आकार नव्हे. केंद्र या पट्ट्यात कोठेतरी असेल एवढेच तो सांगतो. पट्ट्याच्या मधोमध काढलेली रेषा पाहून 'आपले गाव रेषेवर नाही, सुटलो' असे म्हणणारा माणूस पट्टा वाचायला शिकलेलाच नाही.

चोवीस तास आधीच्या अंदाजात केंद्राची जागा अलीकडे सरासरीने सुमारे ७५ ते ८० किलोमीटर चुकते. वीस वर्षांपूर्वीच्या मानाने ही चूक निम्म्याच्या आसपास आली आहे आणि ही मोठी मजल आहे. तरी नकाशावर मोजून पाहा : अलिबागपासून हरिहरेश्वर सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. म्हणजे चांगल्या अंदाजातली सामान्य चूकसुद्धा एखाद्या गावाला डावीकडून उजवीकडे नेऊन ठेवू शकते. म्हणूनच धोक्याचे नेमके नंबर शेवटच्या टप्प्यात लागतात. ७२ तास आधी नुसती पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा, असा क्रम असतो.

वाटेपेक्षा जोराचा अंदाज कठीण असतो. वाट ठरवतात भोवतालचे मोठे प्रवाह. जोर ठरतो वादळाच्या पोटातल्या लहानसहान घडामोडींवर, आणि तेथे आपल्याकडे नेमाने विमान पाठवून मोजमाप केले जात नाही. ३० नोव्हेंबर २०१७ ला कन्याकुमारीजवळ 'ओखी' वादळ आदल्या दिवशीच्या डिप्रेशनमधून पाहता पाहता तयार झाले. तोवर केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार खोल समुद्रात गेलेले होते. आठ-दहा दिवसांच्या मासेमारीला निघालेल्या नौकेला २४ तासांचा इशारा पुरत नाही, आणि किनाऱ्यापासून दूर मोबाईल चालत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये आलेल्या 'फयान'च्या वेळी रत्नागिरीच्या नौकांवरही अशीच वेळ आली होती. हल्ली उपग्रहामार्फत नौकेवर संदेश पोचवणारी यंत्रे आली आहेत. अंदाज जितका महत्त्वाचा, तितकाच तो शेवटच्या होडीपर्यंत पोचणे महत्त्वाचे. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर 'फायलीन' आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले होते आणि बळी पन्नासच्या आत राहिले.

तुमची स्वतःची वेधशाळा

वादळाच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या शाळेला दोन गोष्टी घरबसल्या पाहता येतात : वाऱ्याची दिशा आणि हवेचा दाब. पण आधी एक ताकीद. अधिकृत इशाऱ्याला हा पर्याय नाही, आणि वारा मोजायला समुद्रावर किंवा गच्चीवर जायचे नाही. खिडकीतून दिसणारे नारळाचे शेंडे पुरेत.

वाऱ्याकडे पाठ करून उभे आहात अशी कल्पना करा. केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असेल. हॉलंडचे बॉइज बॅलट यांनी १८५७ साली सांगितलेला हा नियम आहे आणि वर सांगितलेली उलटी प्रदक्षिणा ती हीच. आता दर तासाला दिशा लिहा. वाऱ्याचे नाव तो ज्या दिशेकडून येतो तिचे असते. वारा आग्नेयेचा होता, मग दक्षिणेचा झाला, मग नैर्ऋत्येचा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळत गेला, तर तुम्ही मार्गाच्या उजवीकडे आहात. पूर्वेचा, मग ईशान्येचा, मग उत्तरेचा, असा उलट वळला तर डावीकडे. दिशा बदलत नाही, वारा वाढतो आहे आणि दाब भराभर उतरतो आहे, असे असेल तर केंद्र सरळ तुमच्यावरच येत आहे. तो झाला ७ नंबरचा बावटा. तसे झाले तर मध्येच वारा पडून शांतता पसरते. तो वादळाचा डोळा. वादळ संपले म्हणून बाहेर पडू नका. थोड्या वेळाने उलट दिशेचा वारा तितक्याच जोराने सुटतो. डोंगराच्या आडोशाला असलेल्या गावात मात्र दिशेचे हे ठोकताळे फसतात.

दाबासाठी शाळेतील वायुभारमापक चालेल. काही मोबाईल फोनांतही दाब मोजण्याची सोय असते. येथे दोन खाचखळगे आहेत. आपल्या प्रदेशात हवेचा दाब वादळ नसतानाही रोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. हा फरक तीन-चार मिलिबारचा असतो. तेव्हा दुपारी चारचा आकडा सकाळी दहाच्या आकड्याशी ताडून 'दाब पडला!' अशी ओरड करू नका. आजचे चार कालच्या चाराशी ताडा. दुसरे म्हणजे, उंची साडेआठ मीटरने वाढली की दाब सुमारे १ मिलिबारने घटतो. सकाळची नोंद तळमजल्यावर आणि दुपारची तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत घेतलीत, तर नोंदवहीत एक लहानसे कमी दाबाचे क्षेत्र तुम्हीच निर्माण कराल.